चंदाच्या वजनाचा शॉकअप

गोपीचंदला कोणी नरम म्हटलेलं खपत नसे. माणूस कडक, बोलणं कडक, चहा कडक, आणि त्याच्या ट्रॉलीच्या स्प्रिंगचे पाटे तर इतके कडक, की रिकामी ट्रॉली गल्लीतून गेली की दुपारची झोपलेली पोरं दचकून उठत. पण यात त्याची चूक काय म्हणा! अर्धी जिंदगी ज्यानं लोकांच्या धानाची पोती शेतातून घरी आणि घरून राइस मिलला वाहिली, त्याला गाडी म्हणजे ओझं उचलणारी वस्तू, एवढंच ठाऊक. दवनीवाड्याकडच्या गावांत कोणाचं धान निघालं की पहिला फोन गोपीचंदला. पोती रचून झाली आणि ट्रॉली बोटभरही दबली नाही, की हा पठ्ठ्या मिशीवर हात फिरवत चार लोकांकडे पाहून घेणार.

त्याची बायको चंदा मात्र त्याच्याहून नावाजलेली. तुम्ही म्हणाल, हे कसं काय? तर मग रोवण्याच्या दिवसांत आमच्या भागात या एकदा. पऱ्ह्यातली धानाची रोपं उपटायची आणि चिखल केलेल्या बांधीत ओळीनं लावत जायची, हे काम इथं बायांच्या टोळ्या गुत्त्यानं घेतात. म्हणजे एवढं शेत, एवढी रक्कम, बोलणी एकदाच. टोळीला एक मुखिया लागते, जी शेतमालकाला तोंड देईल, चिखल बरोबर नसेल तर बाया उतरू देणार नाही, आणि सांजच्याला पैसे हातावर घेतल्याशिवाय हलणार नाही. चंदा तशी होती. कितीतरी शेतमालक तिच्याशी भाव करायला घरून तालीम करून येत आणि तरी हरून जात.

आणि मागच्या वर्षी, ऐन हंगामाच्या तोंडावर, या चंदाच्या कमरेची गादी सरकली.

गोंदियाच्या डॉक्टरनं सांगितलं ते सरळ होतं. ऑपरेशनची गरज नाही. चाला, फिरा, पट्टा बांधून थोडंफार वाकलात तरी चालेल. पण हिसके नकोत. मोटरसायकलवर मागं बसणं बंद, ट्रॅक्टरवर बसणं तर नावच काढू नका. आता बोला! गावातून बांध्यांकडे जायचं तर तलावाची पाळ चढायची, पाळीवरून पलीकडे उतरायचं आणि मग पांदण. पांदणीत ट्रॅक्टरच्या चाकांनी अशा चाऱ्या पाडलेल्या की बैलही विचार करून पाय टाकतो. चालत जावं तर अर्ध्या वाटेत चंदाचा डावा पाय सुन्न पडे. तो सगळा हंगाम ती घरी बसली. बसली म्हणजे काय, उंबऱ्यावर उभी राहून समोरून जाणाऱ्या बाया पाहत राहिली. गोपीचंदला तिचं ते उभं राहणं पाहवत नसे, म्हणून तो घरीच कमी थांबे.

यंदा पऱ्हे पेरले गेले आणि टोळीतली प्रेमिला घरी आली. मागच्या वर्षी टोळी तिनंच सांभाळली होती. बाई सोन्यासारखी, पण मालकासमोर उभी राहिली की तोंडातून शब्द फुटत नाही.

"चंदाबाई, माह्यानं ते बोलनं होत नाई," ती दारातच म्हणाली. "मागच्या साली साऱ्यांनी लुटलं आमाले. यंदा तू येशीन तं आमी थांबतो. नाई तं बाया दुसऱ्या टोळीत जाऊन राह्यल्या. मंग टोळी राह्यलीच कुठं?"

चंदा म्हणाली, "पऱ्हे रोवन्याले येतवरी थांब. तवा सांगतो."

प्रेमिला गेल्यावर ती परसात जाऊन तोंड धुऊन आली. गोपीचंद आत बसून सगळं ऐकत होता. पऱ्हे वीतभर व्हायला असा कितीसा वेळ लागतो? त्याच्या आत चंदाला शेतात पोचवता आलं पाहिजे, नाहीतर तिची टोळी मोडली. त्याला रात्रभर दुसरं काही सुचेना.

जंगलाकडच्या एका रिसॉर्टनं आपल्या पाहुण्यांना फिरवायच्या एटीव्ही विकायला काढल्या होत्या. चार जाड टायरांची, मोटरसायकलसारखं हँडल असलेली, मागं एक माणूस बसेल अशी सीट. पांदणीत, चिखलात कुठंही जाते. गोपीचंदनं त्यातली सगळ्यात थकलेली एक उचलली, कारण तीच परवडणारी होती. ट्रॉलीत घालून घरी आणली तर सारं गाव पाहायला. पोरांनी तिचं नाव बेडकी ठेवलं, कारण ती खड्ड्यात गेली की उडी मारूनच बाहेर येई. मागचे शॉकअप तेल गळून रिकामे झाले होते, पुढचेही म्हातारे. गोपीचंदनं टायर बसलेले पाहिले आणि आधी पंक्चरवाल्याकडून ते टम्म भरून घेतले. त्याला वाटलं, अर्धं काम तर इथंच झालं.

राहिले शॉकअप. ते बदलायला जो पैसा होता तो एका जोडीपुरताच. पुढची घ्या नाहीतर मागची. गोपीचंदनं जुने शॉकअप खोलून थैल्यात घातले आणि मुर्रीच्या रस्त्यावर गाड्या दुरुस्त करणाऱ्या कैलाशच्या दुकानात गेला. कैलाश गोंदियाचा, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी, हात कायम ग्रीसमध्ये.

"नया गैसवाला मंगवाऊँ क्या?" कैलाशनं मोबाइलवर फोटो दाखवला. पिवळी स्प्रिंग, शेजारी तेलाची छोटी टाकी, अगदी नवरदेवासारखा. "एकच येईल तुमच्या पैशात. दुसऱ्या बाजूला काय लाकूड लावता?"

"मंग दुसरं सांग."

दुसरं म्हणजे गल्लीतल्या भंगारवाल्याकडचा माल. कैलाशनं दोन जोड्या पुढ्यात टाकल्या. एक मोटरसायकलची, बारीक तारेची. तिच्यावर तळहात ठेवून जोर दिला की खाली जायची आणि सावकाश वर यायची. दुसरी मालवाहू ऑटोची, बोटाएवढ्या जाड तारेची. गोपीचंद तिच्यावर दोन्ही हातांनी लटकला तरी ती ढिम्म हलेना.

"वा!" गोपीचंद म्हणाला. "ह्याले म्हंतात शॉकअप. बाकी सारं खेलनं."

"लोड कितना रहेगा?" कैलाशनं विचारलं.

"लोड असतेच ना बावा," गोपीचंद म्हणाला आणि पैसे काढले. लोड कोणता, हे ना त्यानं सांगितलं ना कैलाशनं विचारलं. गोंदियात गाडीला लोड म्हटलं की धान, यात विचारायचं काय!

घरी येऊन त्यानं जोडी मागं बसवली. तपासून पाहायला मागच्या सीटवर आणि कॅरिअरवर धानाची पोती बांधली आणि बेडकी पाळीवरून, पांदणीतून फिरवून आणली. अहाहा! पाण्यावरून नाव जावी तशी गेली. चाऱ्या आल्या, गेल्या, पोतं जागचं हललं नाही. गोपीचंदनं पोती उतरवली, पाळीवरूनच चंदाला हाक मारली, आणि पाळीवर उभ्या चार माणसांसमोर तिला मागं बसवलं. लुगड्यावरून पट्टा आवळून, एक हात नवऱ्याच्या खांद्यावर ठेवून ती बसली. मनात धाकधूक होती, पण तोंडावर हसू होतं. वर्षभरानं ती बांध्यांकडे चालली होती.

पहिल्याच चारीत बेडकीनं तिला वर फेकलं. दुसऱ्या चारीत ती सीटवर उतरायच्या आधीच सीट वर आली. गोपीचंद पुढं हँडल धरून, पायांवर अर्धा उभा राहून चालवत होता, त्याला काही कळलं नाही. "पाहिलंस का, कशी मक्खन चालते?" तो ओरडून विचारतोय आणि मागून उत्तर नाही. गाडी थांबवून वळला तर चंदाचा चेहरा पांढरा पडलेला, ओठ दातांत धरलेले. ती उतरली आणि पाळीला धरून, थांबत थांबत घरी गेली. नंतरचे काही दिवस ती अंथरुणातून उठली नाही.

आता खरं तर माणसानं इथं तोंड बंद ठेवावं. पण गोपीचंद तो गोपीचंद. तिसऱ्याच दिवशी चहाचा कप तिच्याजवळ ठेवताना म्हणाला, "तू नरम बसतस, मनून लागते. पोते बसले होते तवा काईच झालं नाई."

चंदानं कपाला हात लावला नाही.

"मी का पोतं आहो?" ती म्हणाली.

एवढंच. ओरडली असती तर बरं झालं असतं, असं गोपीचंदला वाटलं. तो बाहेर येऊन ओट्यावर बसला. मनातल्या मनात म्हणत राहिला, कडक तर आणला, सगळ्यात कडक आणला, अजून काय करायचं माणसानं? समोरच्या वाफ्यात पऱ्हे डोलताना दिसत होते. वीतभर होतच आले होते.

उठता यायला लागलं त्या सकाळी चंदा पदर खोचून अंगणात आली. बेडकीजवळ जाऊन हँडल धरलं. लग्नाआधी ती बापाची लूना चालवायची, हे गोपीचंद विसरून गेला होता.

"बसा मांगं," ती म्हणाली.

"अवो, तुई कंबर..."

"पुढं बसून पायावर उभं राह्यता येते. तुमी तेच करून राह्यले होते ना? बसा म्हंतो मी."

तो बसला. नवऱ्याला मागं घालून बायको बेडकी चालवतेय म्हटल्यावर शेजारच्या ओट्यावरचे लोक चहा सोडून उभे राहिले. चंदानं गाडी हळूच पाळीवर घेतली, हळूच उतरवली आणि पांदणीच्या पहिल्या चारीत नेली. गोपीचंदच्या बुडाखालून असा दणका आला की त्याची जीभच दातांत सापडली. "अरे!" म्हणतो न म्हणतो तोच दुसरा. मग तिसरा. त्याच्या मणक्यातून कळ मानेपर्यंत गेली. धरायला काही नाही, पाय टेकायला नीट जागा नाही, आणि समोर काय येतंय ते दिसत नाही. ती हळू चालवत होती, तरी हे. त्यानं तर तिला जोरात नेलं होतं.

"थांबव," तो म्हणाला. "थांबव बाई, पाया पडतो."

चंदानं थांबवलं. तो उतरून शेताच्या धुऱ्यावर बसला. जिभेतून रक्त आलं होतं, पण त्याला लाज जिभेची नव्हती वाटत. आपण हिला या सीटवर बसवून हसत हसत नेलं, वरून नरम म्हणालो, या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चुकलं माह्यं," तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून कधी कोणी ऐकले नव्हते, म्हणून तो स्वतःच जरा दचकला.

"जिभेले हळद लावा," चंदा म्हणाली आणि गाडी वळवून त्याला घरी घेऊन आली.

त्याच दिवशी त्यानं बेडकी ट्रॉलीत चढवली आणि सरळ मुर्रीच्या रस्त्याला लागला. कैलाशला सगळं सांगितलं, जिभेसकट. कैलाश हसून हसून खाली बसला. मग उठून गाडीभोवती एक चक्कर मारली, टायरला बुक्की मारली आणि त्याचं हसणं थांबलं.

"ये किसने भरी हवा? दगड केलाय टायरचा."

"बसून होते ते, मनून..."

"बसूनच राहतात! हे पाहा, कडेलाच लिहून आहे." टायरच्या अंगावर उठलेला आकडा त्यानं फडक्यानं पुसून दाखवला. ट्रॉलीच्या टायरला जेवढी हवा लागते, तिच्या मानानं ती काहीच नव्हती. "इसका टायरच आधा शॉकअप है भाऊ. त्याचं नरम राहणं हेच त्याचं काम." त्यानं वॉल्व्हवर खिळा ठेवला. सूं करत हवा निघत राहिली आणि चारी टायर थोडे थोडे पसरले. फुकटात.

मग त्यानं ऑटोची जोडी खोलली. "हे मी वापस घेतो, अजून डाग नाही पडला. त्याच्या बदल्यात ती मोटरसायकलची जोडी घ्या. नवीन सील टाकतो, तेल बदलतो, रबरी बुश टाकतो. वरून थोडे द्याल. पुढचे राहू द्या तसेच, चालवणाऱ्याला हातपाय आहेत."

"नरम नाई होनार ना जास्त?" सवय जाते का हो लगेच!

"गोंदिया में कोई नरम नहीं माँगता भाऊ, सब कडक माँगते. म्हणून अर्ध्या शहराची कंबर दुखते." कैलाशनं स्प्रिंगच्या खालची दातेरी कडी दाखवली. "पोत्यांखाली दबते ती स्प्रिंग एका माणसाखाली दबत नाही, उडवते. नरम-कडक इथं फिरवायचं. बसणाऱ्याच्या वजनावर. वजन सांगा."

"कोनाचं?"

"भाभीचं! आणखी कोणाचं?"

गोपीचंदनं मनात हिशेब मांडायला घेतला. धानाचं पोतं डोळ्यांनी पाहून किलोत सांगणारा माणूस हा. ओलं किती, वाळलेलं किती, बारदान्याचं वजा किती, सारं तोंडपाठ. इतकी वर्षं जी बाई त्याच्या घरात, त्याच्या बाजूला होती, तिचं वजन त्याला माहीत नव्हतं. त्यानं दुकानाबाहेर येऊन फोन लावला.

"चंदा, तुयं वजन किती आहे?"

पलीकडे भांडी वाजायची थांबली.

"कायले?" चंदानं विचारलं.

"शॉकअपले पायजे. तुया हिशेबानं लावतो मन्ते कैलाश."

फोनवरचा आवाज जरा बदलला. "पट्ट्यासकट सांगू का बिगरपट्ट्याचं?"

"पट्ट्यासकट सांग. आन तू शेतात पेजेचा डबा नेतस, तो बी धर. तो मांडीवरच असते ना तुया?"

तिनं सांगितलं. आकडा ऐकून गोपीचंदला नवल वाटलं, अर्ध्या पोत्याहून थोडीच जास्त. एवढ्याशा बाईनं वीस-वीस बायांची टोळी हाकली आणि सारे शेतमालक नमवले! फोन ठेवताना चंदा म्हणाली, "आजपर्यंत कोनी इचारलं नोहतं बा," आणि हसली. किती दिवसांनी हसली ती! गोपीचंद फोन बंद झाल्यावरही थोडा वेळ तसाच कानाला धरून उभा होता. मग आत जाऊन त्यानं आकडा सांगितला आणि कैलाशनं हुकाच्या पान्यानं कडी एक दात मागं घेतली.

पाळीवरची पहिली चक्कर चंदा सांगेल त्या वेगानं मारली. गोपीचंद हँडलवर असून सगळं लक्ष पाठीमागं. पहिली चारी आली. गाडी खाली गेली, वर आली. "का झालं?" "काई नाई, चला." दुसरी चारी. "लागलं का?" "जीव नोका खाऊ जी, चला म्हंतो ना!" तिसऱ्या चारीनंतर त्यानं विचारणं सोडलं, कारण मागून तिचा शेजारच्या बांधीतल्या माणसाशी बोलण्याचा आवाज येत होता, चिखल खोल झालाय म्हणून ती त्याला झापत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी उठली. दुखत होतं, पण रोजचंच. त्याच दिवशी प्रेमिलाला निरोप गेला.

पऱ्हे वीतभर झाले आणि पहिला गुत्ता देवानंदच्या शेतात लागला. देवानंद गावातला मोठा धानवाला, बोलायला गोड, पैसे द्यायला जड. बाया चालत पुढं गेलेल्या, मागून बेडकी आली. चंदा उतरली आणि प्रेमिलानं बांधीतूनच चिखलाचा हात वर केला. कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. चंदानं त्या दिवशी रोवणी थोडीच केली. धुऱ्यावर उभी राहून ओळी पाहिल्या, मूठ मूठ रोपं फेकली, पट्टा आवळून अधूनमधून वाकली आणि सरळ झाली. एका कोपऱ्यात ढेकळं राहिली होती, तिथं तिनं देवानंदला चिखल पुन्हा करायला लावला. गोपीचंदला ट्रॉलीची कामं होती, तरी तो कुठं गेला नाही. पाळीवर बेडकी पुसायचं निमित्त करून दिवसभर तिच्याकडे पाहत बसला. ती कमरेवर हात ठेवी तेव्हा हा अर्धा उठून उभा राही.

दिवस कलला, बांधी हिरवी झाली. बाया पाटाच्या पाण्यात पाय धुवायला उतरल्या. चंदाही पाटाच्या पायऱ्यांवर बसून पाय धूत होती. देवानंद पाळीवर आला आणि सरळ गोपीचंदजवळ जाऊन उभा राहिला.

"गोपीभाऊ, वरच्या बांध्या अजून बाकी आहेत," तो जरा हळू आवाजात म्हणाला. "बाईले उद्या आनता का? का एका दिवसातच कंबर बसली? तुमी सांगा, मंग मी दुसऱ्या टोळीले बोलतो."

गोपीचंदनं पुसायचं फडकं खाली ठेवलं. खरंच, उद्याचं तिनं काहीच सांगितलं नव्हतं. तोंडावर उत्तर आलंही होतं, येईल ना, का नाही येणार, म्हणून. त्यानं ते गिळलं. खाली पाटाकडे पाहिलं, आणि साऱ्या बायांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"मले काऊन इचारता, देवानंदभाऊ? टोळी तिची आहे. तिले इचारा. मी तं डायवर आहो."

बायांनी माना वळवल्या. चंदानं मान वर केली नाही. एक पाय धुतला, मग दुसरा धुतला, पदरानं पुसला आणि कोणाचा हात न धरता उठून उभी राहिली.

"वरच्याही घेतो आन खालच्याही घेतो," ती देवानंदला म्हणाली. "भाव मागच्या सालचा नाई चालनार. सारा रोवना होतवरी आहो मी अठीच, घाई करू नोका. आधी आजचे पैसे मोजा."